मांजर बाहेर नेण्याची कार्यपद्धती

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका हिवाळ्यात दोन प्रश्न एकदम मुक्कामाला आले होते. घरातलं मांजर अधूनमधून खाली फिरवून आणावं की नाही, हा एक. आणि माझी माय पुण्यात राहते की गावी परत जाते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आम्ही नवरा-बायको रोज जेवताना वाद घालायचो. दुसऱ्यावर वाद होत नव्हता, कारण त्याचं उत्तर मी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं.

माय आली होती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा पिकायचा होता. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि यवतमाळकडच्या आमच्या गावात ती एकटी राहत होती. जन्मभर तिनं लोकांच्या वावरात निंदण-खुरपण केलं आणि बुधवारच्या बाजारात गोणपाट टाकून भाजी विकली. त्यातून मी शिकलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी आजही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांच्या घरी तीन-तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना सांगावं लागत नाही. ते बोलता बोलता नुसतं भिंतीकडे बघतात.

तर अशा बाईनं आता म्हातारपणी चौथ्या मजल्यावर पंख्याखाली बसावं, टीव्ही बघावा, दोन वेळा गरम जेवावं, यात चर्चा करण्यासारखं काही होतं, असं मला वाटत नव्हतं. माय मात्र दर आठ दिवसांनी, बहुतेक सोमवारी सकाळी, मी बूट घालत असताना दारापाशी यायची.

"बापू, मले गाडीत बसवून दे."

"डॉक्टरनं सांगतलं ना माय, जपाचं हाये अजून."

डॉक्टरांनी एक महिना जपायला सांगितलं होतं. मी तो सहा महिने ताणला. खोटं बोलून मायला सुखात ठेवणं हे मला तेव्हा कर्तबगारीचं लक्षण वाटत होतं.

जपायचं म्हणजे काय, तेही मी तिला नीट समजावलं होतं. एकटीनं खाली जायचं नाही. लिफ्टला हात लावायचा नाही. सेफ्टी डोअर कुणालाच उघडायचं नाही, आधी जाळीतून विचारायचं. सोलापूर रस्त्याकडे तर फिरकायचंही नाही, ट्रक कुणाची वाट बघत नाहीत. रविवारी संध्याकाळी सहा ते पावणेसात मी तिला कोपरापाशी धरून देवळात न्यायचो आणि परत आणायचो. ती मुकाट्यानं चालायची. मला वाटायचं, मायला पुणं मानवलं.

आता मांजराचं सांगतो. ते माझ्या बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. मैत्रीण सहा महिन्यांसाठी ऑनसाइटला अमेरिकेला गेली आणि मांजर आमच्याकडे ठेवून गेली. त्या वर्षांत सहा महिन्यांसाठी गेलेली माणसं जशी परत यायची तशीच ती आली, म्हणजे आली नाही. मांजराबरोबर लसीकरणाची पुस्तिका होती, खाण्याचा तक्ता होता आणि अडीच पानांची छापील ईमेल होती. तिच्यात ठळक अक्षरांत एक वाक्य होतं, मांजराला कोणत्याही परिस्थितीत घराबाहेर सोडू नये. पुस्तिकेत मांजराची जन्मतारीख होती. माझ्या मायची जन्मतारीख कुठल्याच कागदावर नाही. पाटलाची विहीर खचली त्या साली ती झाली, एवढीच नोंद.

पहिलं वर्षभर मांजर गुणी होतं. मग ते बिघडलं. खिडकीच्या जाळीला नाक लावून तासन् तास बसायचं आणि एकाच सुरात ओरडायचं. सोफ्याची एक बाजू त्यानं ओरबाडून काढली. एक दिवस माझ्या बुटात मुतलं, आणि तेही क्लायंट यायचा होता त्याच दिवशी. आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. कंटाळलंय. पट्टा बांधून रोज अर्धा तास खाली न्या, तुम्ही बरोबर थांबा."

"म्हणजे आपलं काम वाढवायला डॉक्टरांना फी दिली," बायको रिक्षात म्हणाली.

बायको शहरातली, पेठेतली. तिचे वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. आमचं लग्न ऑफिसात जुळलं. ती बोलते शांतपणे आणि थोडं, पण बोलल्यावर समोरच्याला बसायला जागा लागते. मांजर खाली न्यायला तिचा विरोध होता. मैत्रिणीनं विश्वासानं सोपवलंय, खाली कुत्री आहेत, गाड्या आहेत, पळालं तर काय तोंड दाखवायचं. माझं म्हणणं उलटं होतं. आमच्या गावात मांजर घरात कोंडलं असं मी कधी ऐकलं नव्हतं. मांजर रात्री कणगीपाशी उंदीर धरायचं आणि दिवसा कुठंही जायचं.

"आणि मग किती वर्षं जगायचं?" बायकोनं विचारलं.

"जगायचं दोन-तीन वर्षं."

"छान. सोफ्याचे हप्ते संपेपर्यंत तरी थांबू या."

माय तिथंच खाली बसून मेथी निवडत असायची. जन्मभर मांजरं बाळगलेली घरात ती एकटीच होती. पण तिला विचारावं, हे एक पदवीधर आणि एक द्विपदवीधर अशा आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मी त्या वेळी कंपनीच्या ज्या खात्यात होतो त्याचं नाव क्वालिटी. दुसऱ्यांनी त्यांचं काम कसं करावं याचे कागद तयार करणं, हे आमचं काम. एखादी गोष्ट कागदावर पायरीपायरीनं लिहिली की ती जगात कुणालाही करता येते, यावर आमच्या खात्याची श्रद्धा होती आणि माझी तर खात्यापेक्षा जास्त. मी एका शुक्रवारी ऑफिसात बसून चार पानं टाइप केली. मांजर बाहेर नेण्याची कार्यपद्धती, आवृत्ती एक. हेतू, व्याप्ती, जबाबदारी, धोके आणि त्यावरचे उपाय, सगळं त्यात होतं. चौथ्या कलमात लिहिलं होतं की बाहेर नेण्यापूर्वी मांजराला पोटभर खाऊ घालावे, म्हणजे ते शांत राहील. हे कलम मला स्वतःला सुचलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

बायकोनं चारही पानं वाचली. "यात मांजराची सही कुठं घ्यायची?" एवढंच विचारलं. पण एकदा करून बघायला तयार झाली.

शनिवारी ऑफिस जरा लवकर सुटायचं, तेव्हा संध्याकाळी पाच वाजता आम्ही प्रयोग केला. मांजराला तुडुंब खाऊ घातलं. लाल पट्टा छातीवरून बांधला, दोरीचं टोक मी मनगटाला गुंडाळलं, बायकोनं टॉवेल घेतला, लिफ्टनं खाली आलो. पार्किंगमध्ये फरशीवर ठेवताच मांजर आडवं झालं. बसलं नाही, सरळ आडवं झालं, ओल्या फडक्यासारखं. मी दोरी ओढली तर तेवढंच सरकलं. पंधरा मिनिटं गेली. वॉचमन खुर्ची सोडून आला. हा पन्नाशीचा माणूस वाशिमकडचा, बायकोसह गेटजवळच्या खोलीत राहायचा.

"साहेब, गेलं का हे?"

"अहो नाही, फिरायला आणलंय."

त्यानं मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फिरून रायलं का?" म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. शहरातलं जुनं घर सोडून मोठ्या फ्लॅटसाठी इकडे आले होते आणि आल्या दिवसापासून हडपसरला शिस्त लावत होते.

"हा प्राणी आपला का?"

"हो."

"आजारी आहे?"

"नाही. फिरवतोय."

"असं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सोसायटीत येणाऱ्या कुरिअरवाल्याची नोंद होते. पेपरवाल्याची होते. याची कुठं झालेली दिसत नाही."

मी क्वालिटीतला माणूस. नोंदीला मी कसा नाही म्हणणार? म्हटलं, जरूर ठेवा. त्यांनी तिथंच वॉचमनला बजावलं की यापुढे चारशे दोनचा प्राणी घराबाहेर आला की रजिस्टरात लिहायचं, केव्हा आला, केव्हा गेला, सोबत कोण. वॉचमननं मान डोलावली. चाळीस मिनिटांनी आम्ही मांजर टॉवेलात गुंडाळून वर आणलं. घरात शिरताच ते उड्या मारत खिडकीपाशी गेलं आणि ओरडायला लागलं.

"तुझ्या गावाला जाऊन आलं वाटतं," बायको म्हणाली.

सोमवारी मी कागदावर शेरा मारला. प्रयोग अयशस्वी, प्राणी मुळात घरातलाच असल्याचे सिद्ध, विषय बंद. आणि खाली सही ठोकली.

यानंतर जे घडलं ते मला फार समाधानाचं वाटलं. मांजर सुधारलं. संध्याकाळी आम्ही घरी यावं तर ते पोटावर ऊन घेतल्यासारखं पसरून झोपलेलं. ओरडणं थांबलं, सोफा वाचला. आणि दुसरी गोष्ट, मी खरं तर हिचीच वाट बघत होतो. एक सोमवार गेला, मायनं गाडीचं नाव काढलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. मी बूट घालताना मुद्दाम वेळ लावून पाहिला. ती आतून म्हणायची, "जा बापू, मोटार निघून जाईन तुयी." मोटार म्हणजे कंपनीची बस. मी गावी मामांना फोन करून सांगितलं, माय रुळली. ऑफिसात सांगितलं. केबलवाल्याकडून जास्तीच्या वाहिन्यांची जोडणी घेतली होती, तिचा हा गुण, असंही सांगितलं.

डोळ्याचं ऑपरेशन तिचं झालं होतं, माझं नाही. तरी दिसलं मात्र मला काहीच नाही. तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असायची. एकदा बायकोनं मांजराच्या शेपटीतून गोखरूचा काटा काढला आणि "हे फर्निचर कुठल्या झाडाचं आहे?" असं मला विचारलं. जेवणात चिवळीची भाजी यायला लागली. चिवळ ही आमच्याकडची उन्हाळी रानभाजी, बारीक पानांची, ती पुण्याच्या मंडईत शोधावी लागते. मी विचारलं तर माय म्हणाली, "भेटली." तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेत, बी विंगमधल्या मास्तरांचा गुडघा दुखतो, असल्या बातम्या ती सांगायची. मी समजत होतो की हे सगळं जाळीच्या दारातून कळतं. चिवळसुद्धा जाळीच्या दारातूनच येत असणार, इथपर्यंत माझी समजूत गेली होती.

मार्चमध्ये सोसायटीची सभा झाली. रविवारी सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पाण्याचा टँकर झाला, लिफ्टची देखभाल झाली आणि मग एका सभासदानं तक्रार केली की त्याच्या नव्या मोटारीच्या टपावर रोज मांजराचे पंजे उमटलेले असतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोसायटीत पाळलेलं मांजर आमचंच होतं.

मी उभा राहिलो. बसूनही बोलता आलं असतं, पण मी उभा राहिलो. म्हणालो, "आमचं मांजर एक दिवस, फक्त चाळीस मिनिटं खाली आलं होतं. त्यानंतर त्यानं घराचा उंबरा ओलांडलेला नाही. माझ्याकडे त्याचं लेखी डॉक्युमेंट आहे. आमच्या घरात गोष्टी पद्धतशीर चालतात. सगळ्यांनी तशा चालवल्या तर सभा लवकर संपतील."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "उत्तम. लेखी आमच्याकडेही आहे." मग वॉचमनला म्हणाले, "रजिस्टर आणा हो. वाचा."

वॉचमन माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"चारशे दोन. आजी. बाहेर एक चाळीस. आत चार दहा. सोबत, मांजर. उद्देश, फिरणे."

"पुढे."

"चारशे दोन. मांजर. बाहेर एक चाळीस. आत चार दहा. सोबत, आजी. उद्देश, फिरणे."

"पुढचा दिवस?"

"तेच हाये साहेब. रोज दोन ओळी. रविवार सोडून."

रविवार सोडून, कारण रविवारी आम्ही घरी असायचो. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बायको माझ्या शेजारी बसली होती, तीही हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. सेक्रेटरी हसले नाहीत. ते म्हणाले, "पंज्यांच्या वेळा जुळत नाहीत, मोटार दुपारी बाहेर असते. तेव्हा ते भटकं मांजर असावं, यांचा प्राणी निर्दोष आहे. मात्र यापुढे प्राणी खाली आणायचा तर जबाबदार व्यक्तीचा लेखी अर्ज लागेल. आजी जबाबदार आहेत की नाहीत, हे आपण घरी बसून ठरवा. आपल्याकडे पद्धत आहे."

घरी आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. मायवर मी त्या दिवशी ओरडलो. डोळा गेला असता तर? जिन्यावरून पडली असतीस तर? चार मजले, आणि बगलेत मांजर! आणि अडीच महिने मला सांगितलं का नाही?

माय म्हणाली, "तुमी इचारलं कुठी?"

"इचाराचं काय त्याच्यात? नाही म्हनलं होतं ना मी?"

"तू मांजरापायी भांडत होता बाप्पा रोज. मी म्हनलं, याहिचं भांडन होईस्तोवर ते मरून जाईन. नेलं."

ऑफिसला जाताना मी सोमवारी सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावलं. हे लिहिताना मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण वस्तू कुलूपच होती. बायको पायरीवर उभी होती. म्हणाली, "अरे, आत आग लागली तर? आणि हे कुलूप मांजरासाठी की आईंसाठी, तेवढं डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेव." मग तिनं दुसरी किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवली, मला न विचारता. बरं केलं.

त्या दिवशी दुपारी मांजर ओरडलं ते संध्याकाळपर्यंत ओरडत होतं. मंगळवारीही. बुधवारी सकाळी मी बूट घालत होतो तर दारापाशी मायची पिशवी ठेवलेली दिसली. भरलेली, तोंड सुतळीनं बांधलेलं. वर तिच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली.

"मले गाडीत बसवून दे."

आधीचे सोमवार वेगळे होते, तेव्हा ती मागत असायची. आज ती सांगत होती. गुरुवारी अर्धी रजा टाकून तिकीट काढतो, असं म्हणालो. दिवसभर ऑफिसात एकाच पानावर बसलो होतो. एकट्या बाईनं त्या घरात राहायचं, दुसरा डोळा पिकत आलेला, रात्री पडली तर सकाळी कुणाला कळणार. आणि हे मी कुणाला सांगणार होतो, की माय मोतीबिंदू काढायला आली आणि माझ्या कुलपामुळे गेली?

बायकोनं त्या संध्याकाळी फार बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "तिकीट काढायच्या आधी एकदा त्यांच्याबरोबर खाली जा. एक चाळीसला. तू तर ऑडिट करतोस ना लोकांचं? प्रत्यक्ष जागेवर जाऊन?"

गुरुवारी मी दीडला घरी आलो. कुलूप काढलं. मायला म्हटलं, चल, दाखव. तिनं मांजर उचललं, पदराच्या झोळीत घातलं, दुसऱ्या हातानं कठडा धरला. लिफ्टकडे बघितलंही नाही. प्रत्येक मजल्यावर थोडी थांबत ती उतरत होती, तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजत. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. "काय आजी, तीन दिवस दिसल्या नाहीत?" आतून आवाज आला. मायनं माझ्याकडे हात केला. "हा माया पोरगा. मोठ्या हापिसात हाये." मी त्या इमारतीत तीन वर्षं राहत होतो आणि माझ्याच शेजाऱ्यांशी माझी ओळख त्या दुपारी माय करून देत होती.

वॉचमननं आम्हाला येताना पाहिलं आणि रजिस्टर उघडावं की नाही, अशा पेचात हात वहीवर ठेवला. त्याची बायको खोलीतून आली आणि मायच्या हातात कागदाची एक पुडी ठेवून गेली.

आमच्या सोसायटीच्या मागे तेव्हा मोकळा प्लॉट होता. पूर्वीचा मळा असणार. एका कोपऱ्यात मोठ्ठाले सिमेंटचे पाइप पडलेले आणि रस्त्याच्या बाजूला येऊ घातलेल्या इमारतीचा बोर्ड, त्यावर परदेशातली वाटावी अशी हिरवळ. माय एका पाइपावर बसली. पट्टा नाही, दोरी नाही. मांजर खाली ठेवलं. ते आडवं झालं नाही. अंग ताणलं, शेपूट वर केली आणि गवतात शिरलं.

"पळून जाईन ना, माय!"

"भुक्या पोटी कुठी जाते?" तिनं पुडी उघडून दाखवली. सुक्या बोंबलाचे तुकडे होते. पेठेतल्या शाकाहारी सुनेच्या घरात ती ठेवणार कुठं, म्हणून हे कोठार वॉचमनच्या बायकोकडे. "दुपारचं खानं मी त्याले देतच नाई. पोट भरलेलं जनावर कोनाचं आयकत नसते. भुकं नेलं का दहा पावलाच्या पलीकडे जात नाई, हाक मारली का येते. मंग वापस आनून खाले द्याचं, का उद्याबी त्याले घर आठवते."

माझं चौथं कलम मला आठवलं. पोटभर खाऊ घालावे, म्हणजे ते शांत राहील. त्या शनिवारचं आडवं झालेलं मांजरही आठवलं.

एक कुत्रं बोर्डापाशी उभं राहून आमच्याकडे बघायला लागलं. मायनं न उठता पायापाशी चाचपून ढेकूळ उचललं आणि फेकलं. त्याच्या पुढच्या पायांपासून हातभर अंतरावर ते फुटलं. एक डोळा ऑपरेशनचा, एक मोतीबिंदूचा. कुत्रं निघून गेलं. मग ती वाकून चिवळ खुडायला लागली, मधूनच जीभ टाळूला लावून टक् टक् करायची. गवत हलायचं, मांजराचं डोकं वर यायचं, ती आहे हे बघून पुन्हा खाली जायचं. दोन तासांत ती मोजून चार बायकांशी बोलली. एक पाण्याचा हंडा घेऊन चालली होती, तिला कुठल्या डॉक्टरकडे डोळे दाखवायचे ते सांगितलं. माझ्याशी फारसं बोलली नाही. मी तिथं नसतो तरी चाललं असतं.

चार वाजता तिनं हाक मारली, मांजर आलं, पदरात बसलं. जिन्यावर दुसऱ्या मजल्याला ती टेकली तेव्हा मी विचारलं, "तिकीट उद्याचं काढू का माय?"

"कुलूप काढशीन का?"

"काढलं."

"मंग पाहू," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, मुद्देसूद. जबाबदार व्यक्तीचे नाव या ओळीवर सवयीनं माझंच नाव घातलं आणि सेक्रेटरींकडे नेऊन दिला. त्यांनी वाचला, पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

"अहो, दुपारी एक चाळीसला आपण कुठं असता?"

"ऑफिसात."

"मग तिथून कसले जबाबदार?"

ते स्वतः चार मजले चढून वर आले. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टच्या देखभालीवर त्यांचा विश्वास नव्हता. बरोबर घरून शाईचं पॅड आणलं होतं, अंगठ्यासाठी. मायनं पॅडकडे पाहिलं आणि बाजूला सारलं. गावातल्या प्रौढांच्या वर्गात ती सही शिकली होती, मी नववीत होतो तेव्हा. तिनं पेन मुठीत धरलं, कागद चांगल्या डोळ्यापाशी नेला आणि एकेक अक्षर ओढलं. बराच वेळ लागला. सेक्रेटरी उभे होते. बायकोनं खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सही झाल्यावर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"स्पष्ट आहे," म्हणाले. "कमिटीत इतकी स्पष्ट सही कुणाची नाही."

पिशवी आणखी दोन दिवस दारापाशी होती. तिसऱ्या दिवशी डोळ्याची बाटली आत गेली, मग सुतळी सुटली, मग पिशवीत चिवळ यायला लागली. पुढच्या सोमवारी मी बूट घातले. मायनं गाडीचं नाव काढलं नाही. मीही डॉक्टरांचं काढलं नाही. पोळ्याला ती गावी जाऊन आली आणि कुणी न बोलावता परत आली. येताना मांजरासाठी म्हणून घंटा आणली, ती वासराच्या गळ्यातली निघाली. बायकोनं ती दाराला लावली, बेल म्हणून.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यातला रविवार सांगायचा राहिला. संध्याकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे मायला देवळात न्यायला निघालो आणि तिचं कोपर धरलं. तिनं ते सोडवून घेतलं, मांजर झोळीत टाकलं आणि पुढं झाली. गेटवर वॉचमननं रजिस्टर ओढलं, पेन झटकलं. नियम आता लेखी होता. त्यानं दोन ओळी लिहिल्या, मग थोडा विचार करून पहिल्या ओळीत काहीतरी वाढवलं. मी वाकून वाचलं. दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायची सवय नोकरीनं लावलेली.

चारशे दोन. आजी. बाहेर सहा. सोबत, मांजर व मुलगा. उद्देश, फिरणे.

दोनदा वाचलं. काढण्यासारखी चूक मला सापडली नाही.